गडावरचे पाणी आणि अतिनील दिवा

धुळ्याहून शिरपूरच्या दिशेने निघाले की मुंबई-आग्रा महामार्गावर वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागते. या गावाला ओळख दिली ती दोन गोष्टींनी: डोक्यावरचा किल्ला आणि गावात घडणारी तांब्या-पितळेची भांडी. किल्ला छोटेखानी आहे, चढ दमवणारा नाही, आणि माथ्यावर खोल विहीर आहे. जुन्या काळच्या वाटसरूला पाण्याबाबत दोनच चिंता असत. पाणी मिळेल कुठे आणि ते बरोबर न्यायचे कशात? पहिलीचे उत्तर गडावरची विहीर, टाके, वाटेवरची बारव. दुसरीचे उत्तर फिरकीच्या झाकणाचा तांब्या. तिसरी चिंता, म्हणजे मिळालेले पाणी प्यायचे की नाही, ही आजच्या गडप्रेमींच्या वाट्याला आली आहे. त्यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक नवे साधन पुढे आले. पेनाएवढा अतिनील दिवा बाटलीत बुडवायचा, दीड मिनिट ढवळायचे, आणि पाणी प्यायचे.

या साधनाबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. एका बाजूला हे खेळणे आहे, पैसे वाया. दुसऱ्या बाजूला हा दिवा असला की डबक्यातलेही पाणी प्यावे. माझ्या मते दोन्ही चूक आहेत. दिवा आपले काम चोख करतो, पण ते काम साखळीतले शेवटचे आहे. आधीच्या कड्या आपल्या फडक्याने, तुरटीने आणि वेळेने जोडायच्या असतात, आणि त्या खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत.

आधी पाण्याकडे पाहू. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, असे सांगितले आहे. ती टाकी शिबंदीच्या जिवाची होती, म्हणून राखली जात. आज त्यांना राखणारे कोणी नाही. लळिंगला, भामेरला, बागलाणातल्या साल्हेर-मुल्हेरला टाकी अजून पाणी धरतात. पण त्यांत शेवाळ आहे, पालापाचोळा आहे, माकडे-शेळ्या पाणी पिऊन जातात, आणि दुर्दैवाने माणसेच तिथे ताटे धुतात, पाय बुडवतात. पावसाळ्यात भोवतालचे सगळे वाहून टाक्यात उतरते, उन्हाळ्यात तेच आटून दाट होते.

अशा पाण्यात आपल्याला बाधणारे जे असते, त्याची आकाराने तीन गटांत विभागणी करता येते आणि साधन निवडताना तीच उपयोगी पडते. सर्वांत मोठे एकपेशीय परजीवी: अमिबा, जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम. यांची कवचे चार-पाच मायक्रॉनपासून वीसेक मायक्रॉनपर्यंतची. मधले जिवाणू: कॉलरा, विषमज्वर, आमांश यांचे. हे साधारण अर्धा ते काही मायक्रॉन. सर्वांत लहान विषाणू: कावीळ करणारे हिपॅटायटिस ए आणि ई, रोटाव्हायरस. हिपॅटायटिसचे विषाणू मायक्रॉनच्या तिसाव्या हिश्श्याएवढे असतात. २०१२ साली इचलकरंजीत हजारो लोकांना कावीळ झाली ती हिपॅटायटिस ईने. २०२५ च्या सुरुवातीला पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलियन-बॅरे सिंड्रोमचे संशयित रुग्ण दोनशेच्या पुढे गेले, तेव्हा अनेकांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि बोट पाण्याकडे गेले. ही नळ असलेल्या शहरांची गोष्ट. उघड्या टाक्याचे पाणी वर स्वच्छ दिसते म्हणून निर्धास्त ओंजळीने पिणारी तरुण मुले पाहिली की काळजी वाटते.

या तिन्ही गटांवर एकच साधन चालते का? अतिनील किरणांचे महत्त्व इथे आहे. सूर्यप्रकाशाने जिवाणू वाढत नाहीत हे डाउन्स आणि ब्लंट या दोघांनी १८७७ साली इंग्लंडमध्ये दाखवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाऱ्याच्या वाफेचा दिवा आला आणि १९१० साली फ्रान्समधल्या मार्सेय शहरात पिण्याच्या पाण्यासाठी तो वापरून पाहिला गेला. कमी दाबाच्या पाऱ्याच्या दिव्यातून मुख्यतः २५४ नॅनोमीटर लांबीच्या लहरी निघतात. पेशीतला डीएनए नेमक्या याच्या आसपासच्या लहरी शोषतो, त्याच्या शेजारशेजारच्या कड्या एकमेकींना चिकटतात, आणि त्या जंतूला स्वतःची प्रत काढता येत नाही. तो तिथल्या तिथे मरतोच असे नाही, पण पोटात जाऊन वाढू शकत नाही, आणि वाढला नाही तर आजारही होत नाही. पाण्यात काही मिसळले जात नाही, चव बदलत नाही, वास येत नाही.

क्लोरीनला न जुमानणारे क्रिप्टोस्पोरिडियम अतिनील किरणांपुढे मात्र हार मानते, हे १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. त्याआधी १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात शुद्ध करून नळाने दिलेल्या पाण्यातून याच परजीवीने सुमारे चार लाख लोक आजारी पाडले होते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या तक्त्यात हजारातले ९९९ क्रिप्टोस्पोरिडियम निकामी करायला दर चौरस सेंटिमीटरला १२ मिलिज्यूल मात्रा धरली आहे. घरगुती यंत्रांसाठी सहसा ४० ची मात्रा मानतात. अ‍ॅडिनोव्हायरस हा अपवाद: त्याच्यासारखे चिवट विषाणू तेवढ्याच प्रमाणात निकामी करायला त्याच तक्त्यात १४३ ची मात्रा आहे. म्हणजे किरण तिन्ही गटांवर चालतात, पण सर्वांवर सारख्याच जोराने नाहीत.

आपल्या घरांत हे तंत्र १९८० च्या दशकातच आले. दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्यांनी अ‍ॅक्वागार्ड हे नाव शहरी स्वयंपाकघरात रुजवले. त्या भिंतीवरच्या पेटीत मुळात हाच दिवा होता. पण नळ, वीज आणि पैसे असलेल्या घरांची ती सोय. नळ नसलेल्या खेड्याचा विचार करून दिवा नव्याने मांडणारा माणूस मुंबईत जन्मला, मुंबई विद्यापीठात आणि आयआयटी कानपूरमध्ये भौतिकशास्त्र शिकला. ते अशोक गाडगीळ. पाठीवरच्या पिशवीतला पेन समजून घ्यायचा तर त्यांच्या कामापाशी थोडे थांबायला हवे.

१९९२-९३ मध्ये भारत आणि बांगलादेशात कॉलराचा एक नवा प्रकार पसरला, ज्याला ओ-१३९ म्हणतात. गाडगीळ तेव्हा अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ऊर्जेवर संशोधन करत होते. पाणी उकळा, हा सल्ला गरीब घराला सरपणाच्या रूपाने किती महाग पडतो हे ते जाणून होते. त्यांनी अतिनील दिव्याचे एक यंत्र बनवले, युव्ही वॉटरवर्क्स. आधीच्या यंत्रांत दिवा क्वार्ट्‌झच्या नळीत घालून पाण्यात बुडवत. नळीवर क्षारांचा आणि बुळबुळीत जिवाणूंचा थर बसे, उजेड अडे, आणि वापरणाऱ्याला ते कळतही नसे. गाडगीळांनी दिवा पाण्याच्या वर टांगला. पाणी पसरट तबकातून आपल्याच भाराने, पंपाशिवाय, खालून वाहत जाते. दिव्याला पाणी शिवतच नाही, तर थर बसेल कुठे? यंत्राला लागते सुमारे ६० वॉट वीज, आणि मिनिटाला साधारण १५ लिटर पाणी निघते.

हा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ६० वॉट एक मिनिट म्हणजे ३६०० ज्यूल. ते १५ लिटरांत वाटले तर लिटरला २४० ज्यूल. तेच एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळी फुटेपर्यंत तापवायला तीन लाखांहून अधिक ज्यूल लागतात, तेही चुलीची सगळी आच भांड्यालाच लागली असे धरून. प्रत्यक्षात चुलीची बहुतेक आच वाऱ्यावर जाते. पुढे या यंत्रावर कंपनी निघाली आणि आंध्र प्रदेशातल्या खेड्यांत पाणीकेंद्रे उभी राहिली. २०२३ साली गाडगीळांना अमेरिकेचे तंत्रज्ञानासाठीचे राष्ट्रीय पदक मिळाले. त्यांचे नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत अधिक ठळक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

१९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या मेन राज्यात माइल्स मेडन यांनी हायड्रो-फोटॉन नावाची कंपनी काढून दिवा उलट दिशेने नेला: गावासाठी मोठा करण्याऐवजी एका बाटलीपुरता लहान केला. तो स्टेरीपेन. २०१६ मध्ये ही कंपनी स्वित्झर्लंडच्या काटाडिनने घेतली. वापरण्याची रीत अशी. बटण दाबायचे: अर्ध्या लिटरला वेगळे, एक लिटरला वेगळे. पेनाचे टोक, म्हणजे क्वार्ट्‌झच्या नळीतला बोटाएवढा दिवा, पाण्यात बुडवायचे. टोकाजवळच्या धातूच्या ठिपक्यांना पाणी लागले की दिवा निळसर पेटतो. अर्ध्या लिटरला सुमारे ४८ सेकंद, एका लिटरला दीड मिनिट सावकाश ढवळायचे. मध्येच वर काढला तर दिवा आपोआप विझतो, आणि वेळ पुरती झाली की हिरवी खूण दिसते. जो निळा उजेड दिसतो तो काम करणारा नव्हे. काम करणाऱ्या लहरी डोळ्यांना दिसतच नाहीत. त्या बाटलीच्या साध्या प्लास्टिकमधून किंवा काचेतून बाहेरही पडत नाहीत, म्हणून बाटलीच्या भिंतीतून पाहायला हरकत नाही. उघड्या तोंडातून पेटलेल्या दिव्याकडे पाहू नये.

ढवळणे हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. दिव्याजवळच्या पाण्याला भरपूर मात्रा मिळते, कडेच्या पाण्याला कमी. ढवळल्यानेच प्रत्येक थेंब जवळून जातो. पेन नुसता बुडवून गप्पा मारत बसले तर वेळ संपते, हिरवी खूणही दिसते, पण कडेचे पाणी तसेच राहते. दुसरी जागा म्हणजे बाटलीचे तोंड. टाक्यात बाटली बुडवून भरली की आट्यांवर, झाकणाच्या आत, बाहेरच्या कडेवर न शुद्ध झालेले पाणी राहते, आणि ओठ लागतात ते तिथेच. म्हणून भरायचे भांडे वेगळे आणि प्यायचे वेगळे ठेवावे. जमले नाहीच तर दिवा विझल्यावर थोडे पाणी आट्यांवरून ओघळू द्यावे आणि कड कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी. आपल्याकडची पाण्याची विकतची बाटली अरुंद तोंडाची. काही पेनांना तिच्यासाठी रबरी बूच मिळते, पण रुंद तोंडाची बाटली नेणे सोपे.

आता खानदेशातल्या अडचणींकडे येऊ, कारण माहितीपुस्तिकेतले पाणी आणि आपले पाणी यांत अंतर आहे.

पहिली अडचण गढूळपणाची. किरण सरळ रेषेत जातात. मातीचा कण मध्ये आला की त्याच्या आड बसलेला जंतू सुटतो. शेवाळाच्या गोळीत तर जंतूंना घरच मिळते. पालापाचोळा कुजून पाणी चहाच्या रंगाचे झाले असेल तर कण नसले तरी तो रंगच किरण शोषतो. असे पाणी मे महिन्याच्या टाक्यांत नेहमीचे. तिथे पेन दोनदा फिरवला म्हणून भागत नाही.

दुसरी कठीण पाण्याची. बेसाल्टमधल्या विहिरी-बोअरचे क्षारांचे पाणी घरच्या भांड्यांवर जसा पांढरा थर चढवते, तसाच तो क्वार्ट्‌झच्या नळीवरही चढतो. सह्याद्रीच्या टाक्यातले पावसाचे पाणी हलके असते, पण वाटेतल्या गावच्या बोअरचे नाही. अशा सहलींनंतर नळी लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने हळुवार पुसून साध्या पाण्याने धुवावी. गाडगीळांनी दिवा वर का टांगला हे एकदा असा थर नखाने खरवडून पाहिला की समजते.

तिसरी रसायनांची, आणि इथे दिवा पूर्ण हतबल आहे. केळी-कापसाच्या रानांतून उतरलेले खत, फवारणीची औषधे, जमिनीतला नायट्रेट किंवा फ्लोराइड: यांवर अतिनील किरणांचा काही परिणाम होत नाही. गडमाथ्यावरच्या पाण्याला ही भीती कमी. शेतांच्या खालच्या अंगाच्या ओढ्याला, कारखान्यामागच्या नाल्याला ती आहे. तिथले पाणी घेऊच नये, मग हाती कोणतेही साधन असो.

चौथी विजेची. एकदा चार्ज केला की मॉडेलप्रमाणे चाळीस-पन्नास वेळा पेन चालतो, दिवा आठेक हजार वेळा. आकडे पुरेसे आहेत, पण उन्हात तापलेल्या सॅकमध्ये बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू बंद पडायची ती वरच्या मुक्कामावरच. म्हणून पेन नेणाऱ्याने क्लोरीनच्या गोळ्यांची पट्टी नेलीच पाहिजे. वजन नाही, किंमत नाही, बॅटरी नाही.

पाचवी गोष्ट अडचण नाही, मर्यादा आहे. क्लोरीन पाण्यात उरतो आणि राखण करतो. किरणांचे काम दिवा विझताच संपते. त्यात काही जिवाणूंना दिसणाऱ्या उजेडात आपला मोडलेला डीएनए थोडाफार दुरुस्त करता येतो. म्हणून पेनाने शुद्ध केलेले पाणी साठवण्यासाठी नाही; त्याच दिवशी, पारदर्शक बाटली उन्हात न ठेवता, पिऊन टाकायचे.

साखळीच्या आधीच्या कड्यांबद्दल मी सुरुवातीला बोललो. त्यांतली पहिली फडके. आपल्या आजोबांच्या पिढीने नारू पाहिला आहे. पायातून पांढरा दोर निघावा तसा कृमी निघे आणि तो काडीला गुंडाळत दिवसच्या दिवस बाहेर काढावा लागे. हा कृमी पसरे पायऱ्यांच्या विहिरींतून: रोगी पाय घेऊन माणूस पाण्यात उतरे, पिलावळ सायक्लॉप्स नावाच्या बारीक जलचरात शिरे, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात जाई. नारू असलेल्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. १९८० च्या दशकात देशभर मोहीम सुरू झाली. तिची मुख्य हत्यारे होती पाणी गाळायचे कापड, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे आणि टाक्यांत औषध. १९९६ साली देशातला शेवटचा रोगी राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. देशातला एक रोग मुख्यतः कापडाने आणि शिस्तीने गेला, हे पाणी शुद्ध करण्याच्या कोणत्याही चर्चेत विसरू नये.

कापडाचे काम तिथेच संपत नाही. रिटा कॉलवेल यांच्या पथकाने बांगलादेशात बायकांना जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्यांतून पाणी गाळायला सांगितले आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले: कॉलराचे प्रमाण ४८ टक्क्यांनी उतरले. कॉलराचा जिवाणू कापडातून सहज निघून जाईल एवढा लहान असतो. पण तो पाण्यातल्या बारीक जलचरांना चिकटून राहतो, आणि जलचर अडले की तोही अडतो. साडी जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन धागे पिंजले की छिद्रे बारीक होतात. पेन वापरणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे: चार घड्यांचे जुने धुतलेले सुती फडके सॅकमध्ये असावे, आणि एकदा गाळलेली बाजू दुसऱ्यांदा उलटी होऊ नये.

फडक्यानेही न निवळणाऱ्या मातकट पाण्याला तुरटी. पावसाळ्यात नदीचे पाणी आले की हंड्यात तुरटीचा खडा फिरवायचा हे आपल्या घरांत कोणाला शिकवावे लागत नाही. तुरटीने मातीचे बारीक कण एकमेकांना धरतात आणि तळाला बसतात. मुक्कामाला पोचल्यावर संध्याकाळी भांड्यात तुरटी फिरवून ठेवावी, सकाळी वरचे पाणी अलगद ओतून घ्यावे, मग पेन. एका दिवसाच्या सहलीत एवढा वेळ नसतो हे खरे. पण एका दिवसाच्या सहलीत टाक्याचे पाणी पिण्याची वेळच येऊ नये.

पुन्हा सोनगीरला येऊ, कारण तुरटीनंतरची कडी तिथे घडते. तांब्याच्या पत्र्याचा हंडा करताना तांबट पत्रा तापवतो, निववतो, खुंटावर धरून हातोडीने वळवतो. प्रत्येक ठोक्याची एक खूण उरते आणि त्या ठोक्यांनीच पत्रा कडक होतो. या हंड्यात रात्रभर ठेवलेले पाणी सकाळी प्यावे ही रीत घरोघर आहे. ती नुसती श्रद्धा नाही, हे २०१२ साली बंगळूरच्या आयुर्वेद संस्थेतील पद्मा वेंकटसुब्रमणियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून छापले. त्यांनी तांब्याच्या भांड्यात कॉलरा, आमांश, विषमज्वराच्या गटांतले आणि जुलाबाचे ई. कोलाय असे जिवाणू मुद्दाम घातलेले पाणी साध्या तापमानात १६ तास ठेवले. नंतर एकही जिवंत जिवाणू वाढवून मिळाला नाही. पाण्यात उतरलेले तांबे लिटरला सुमारे ०.१८ मिलिग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २ मिलिग्रॅम आहे. ब्रिटनमधले रॉब रीड यांनी २००५ च्या सुमारास पितळेवर प्रयोग केले तेव्हा तिथेही ई. कोलाय दोन दिवसांत संपले.

पण दोन सूचना महत्त्वाच्या. तांब्याला वेळ लागतो. दीड मिनिटाचे काम ते सोळा तासांत करते. आणि बंगळूरचा प्रयोग जिवाणूंवर होता. कावीळ करणाऱ्या विषाणूंबद्दल किंवा कवचात लपलेल्या जिआर्डियाबद्दल त्यातून काही म्हणता येत नाही. भांड्याला आतून कल्हई असेल तर पाणी तांब्याला लागतच नाही, तेव्हा पाण्याचा हंडा बिनकल्हईचा हवा, आणि त्यात ताक किंवा लिंबूपाणी कधी ठेवू नये. मला वाटते, तांब्याची खरी जागा दिव्यानंतरची आहे. दिव्याचे काम संपते तिथे राखण तांब्याने करावी. पेनाने शुद्ध केलेले पाणी मुक्कामी तांब्याच्या भांड्यात ठेवण्याची जोडी कोणा संस्थेने रीतसर तपासून पाहावी. धुळे-जळगावच्या महाविद्यालयांतल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यापेक्षा जवळचा आणि उपयोगाचा प्रकल्प कोणता मिळणार?

आणखी एक कडी उन्हाची. साक्री तालुक्यात महाजेनकोने १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारला तो उगाच नाही. खानदेशात ऊन रग्गड. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातले आफ्तिम आक्रा यांनी १९८० च्या सुमारास पारदर्शक भांड्यातले पाणी उन्हात ठेवून जंतू मरतात हे दाखवले आणि पुढे स्वित्झर्लंडच्या इआवाग संस्थेने त्याची सोपी पद्धत केली. स्वच्छ, ओरखडे नसलेली दोन लिटरपर्यंतची प्लास्टिकची बाटली निवळ पाण्याने भरून सहा तास कडक उन्हात आडवी ठेवायची. आभाळ असेल तर दोन दिवस. उन्हातल्या लांब लहरींच्या अतिनील किरणांना उष्णतेची साथ मिळते, आणि पाणी ५० अंशांच्या पुढे तापले तर काम बरेच लवकर होते. एप्रिल-मेमध्ये काळ्या कातळावर ठेवलेल्या बाटलीला हे कठीण नाही. पाणी कढत होते, प्यायला रात्र व्हावी लागते; पण बॅटरी संपलेल्या, गोळ्या विसरलेल्या माणसासाठी याहून चांगली गोष्ट नाही. चालत्या वाटेवर ती उपयोगी नाही. तळ ठोकून बसलेल्यांची आहे.

बाजारात मिळणाऱ्या बाकीच्या साधनांवर थोडक्यात. पोकळ धाग्यांची गाळणी, म्हणजे लाइफस्ट्रॉ, सॉयर वगैरे, ०.१ ते ०.२ मायक्रॉनपर्यंत अडवतात. परजीवी आणि जिवाणू अडले, पण काविळीचे विषाणू आरपार जातात. परदेशी डोंगरांत, जिथे वरच्या अंगाला वस्ती नाही, तिथे हे चालून जाते. आपल्याकडे माणसांच्या वर्दळीच्या गडावर गाळणी एकटी पुरत नाही. मेडिक्लोरसारखे क्लोरीनचे द्रव किंवा गोळ्या जिवाणू-विषाणूंना उत्तम, गढूळ पाण्यात कमजोर, क्रिप्टोस्पोरिडियमपुढे निरुपयोगी. उकळणे सर्वांत खात्रीचे. साल्हेरच्या १५६७ मीटर उंचीवर पाणी शंभराऐवजी ९५ अंशांच्या आसपास उकळते, तरी एक खळखळती उकळी पुरते. मात्र वणव्याच्या दिवसांत गडावर चूल पेटवणे गुन्हा समजावा. स्टोव्ह बरोबर असेल तरच.

तेव्हा माझी निवड अशी. सोनगीर, लळिंग यांसारख्या एका दिवसाच्या गडांवर माणशी तीन-चार लिटर घरचे पाणी, आणि शुद्धीकरणाचा विषयच नको. दोन दिवसांहून मोठ्या वाटेवर पोकळ धाग्यांचे गाळण आणि अतिनील पेन ही जोडी, गोळ्या राखीव. गाळण कण आणि परजीवी अडवते, म्हणून दिव्याला पाणी काचेसारखे मिळते. गाळणातून सुटलेले विषाणू दिवा मारतो. दोन्ही परवडत नसतील तर फडके आणि क्लोरीन, पण अर्धा तास थांबण्याचा संयम ठेवून. नुसत्या पेनाला मी सगळ्यांत खाली ठेवीन, कारण तो चांगल्या पाण्यावर चांगला असतो आणि वाईट पाण्यावर खोटा विश्वास देतो.

आता झाकणात दिवा असलेल्या बाटल्याही येत आहेत. त्यांत पाऱ्याऐवजी २६५ ते २८० नॅनोमीटरच्या लहरी देणारे एलईडी असतात. पारा नाही, काच फुटण्याची भीती कमी, आणि बटण दाबताच पूर्ण उजेड. पण विजेतला फार थोडा हिस्सा ते किरणांत बदलतात, आणि बाजारातल्या कित्येक बाटल्यांचा उद्देश बाटलीला वास येऊ नये एवढाच असतो. विकत घेताना जंतू किती टक्के मरतात हे विचारून भागत नाही. कोणते जंतू, किती पाण्यात, किती वेळात आणि कोणत्या प्रयोगशाळेने मोजले, ही चार उत्तरे लेखी मिळत नसतील तर ती बाटली वासासाठी आहे असे धरावे.

आपल्या हातातले साधन खरेच काम करते का, हे गटाने स्वतःही पाहता येते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आणि आरोग्य कर्मचारी पाण्यातले जिवाणू ओळखायला एच-टू-एसच्या बाटल्या वापरतात. त्या औषधसामानाच्या दुकानातूनही मागवता येतात. खुणेपर्यंत पाणी भरून एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायचे. पाणी काळे पडले तर विष्ठेतले जिवाणू असण्याची शक्यता मोठी. खानदेशात उबेसाठी वेगळे यंत्र लागत नाही. गडावर एकाच टाक्यातून चार बाटल्या भराव्यात: एक जशीच्या तशी, एक नुसत्या फडक्याने गाळून, एक गाळून पेन फिरवून, आणि एक उकळून गार केलेली. प्रत्येकीवर टाक्याचे नाव, तारीख आणि भरण्याची वेळ लिहावी. ही चाचणी विषाणूंबद्दल काही सांगत नाही हे लक्षात ठेवावे. उकळलेली बाटली काळी पडली तर भांडी किंवा हात स्वच्छ नव्हते, आणि चाचणी पहिल्यापासून पुन्हा करावी लागेल. गाळून पेन फिरवलेली काळी पडली आणि उकळलेली तशीच राहिली, तर आधी ढवळणे तपासा, मग नळीवरचा थर, आणि शेवटी दिवा.